तीळ वाहशील ना?

साल २००७, गणेश चतुर्थीची संध्याकाळ. मी तेव्हा बोईसरला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. घरात गणपती बसलेला, एकवीस मोदकांचा नैवेद्य होऊन गेलेला. आज चंद्र दृष्टीस पडू नये म्हणून सौ. पश्चिमेची खिडकी लावायला गेली आणि तिथंच थबकली.

"अहो, इकडे या आधी! समोरच्या चाळीतली ती नवी मुलगी गच्चीवर दह्याचं भांडं घेऊन चंद्राकडे बघत उभी आहे. कुणीतरी सांगा हो तिला!"

मी खाली उतरलो. त्या मुलीचा नवरा आमचा खातेदार. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात कामाला, मूळचा बिहारमधल्या मधुबनीकडचा. खातं उघडताना पत्त्याच्या पुराव्यासाठी मी त्याला दोनदा परत पाठवलं होतं, त्यामुळे मला दारात पाहून तो जरा बिचकलाच. चंद्राचं नाव काढताच मात्र हसला. "साहेब, आमच्याकडे आज चौरचन. आज चंद्राचीच तर पूजा!"

गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला, आणि चतुर्थीला त्याला पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ तर प्रत्यक्ष श्रीकृष्णावर आला. मिथिलेतही हीच गोष्ट सांगतात. पण तिथले लोक दारं लावून बसत नाहीत. अंगणात तांदळाच्या पिठीचं अरिपन, म्हणजे आपली रांगोळीच, काढतात. खीर, पुरी, दही, फळं मांडतात आणि हातात दही किंवा फळ घेऊनच चंद्राचं दर्शन घेतात. रिकाम्या हातानं मात्र पाहायचं नाही. एकाच शापावर आपण खिडकी लावतो, ते दही पुढे करतात!

येताना त्या मुलीनं माझ्या हातात एक ताटली दिली. सौ.नं वरचा रुमाल काढला आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर करंजी!" तिला ते लोक पिरुकिया म्हणतात. आत खवा, खोबरं. कडेला अगदी आपल्यासारखी मुरड. दुसऱ्या दिवशी इकडून मोदक गेले, तर तिकडून निरोप आला की आमच्याकडेही तांदळाच्या उकडीत गूळ भरून वाफवतात, त्याला बगिया म्हणतात. झालं, दोन्ही घरांचा डब्यांचा व्यवहार सुरू झाला. त्यात कधी रिकामा डबा परत गेल्याचं मला आठवत नाही.

कोजागिरीला तर गंमतच झाली. त्यांच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मिथिलेत त्या रात्री कोजागरा असतो. नव्या जावयाच्या घरी सासरहून मखाणे, पान, बत्तासे, मिठाई असा भार येतो. गावचा कुणीतरी पवन एक्स्प्रेसनं दीड दिवसाहून जास्त प्रवास करून टर्मिनसला उतरला आणि मखाण्यांचं गाठोडं बोईसरला पोचतं करून गेला. मखाणा म्हणजे तळ्यात वाढणाऱ्या काटेरी वेलीचं बी. मल्लाह लोक पाण्यात बुड्या मारून तळाच्या चिखलातून ते गोळा करतात. मग ते भाजायचं आणि गरम असतानाच लाकडानं ठोकायचं, की काळ्या कवचातून पांढरी लाही बाहेर पडते. त्या रात्री आमच्या मसाल्याच्या दुधावर मखाणे तरंगले. सौ.चं माहेर केळव्याचं. तिनं माहेरच्या पानमळ्यातली पानं दिली, तेव्हा त्या मुलीचे डोळे भरून आले. पानावाचून कोजागरा पुरा होत नाही, ही चिंता तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे.

फेब्रुवारी २००८. मुंबई, नाशिक, पुण्याकडे उत्तर भारतीयांवर हल्ले झाले. बोईसरमध्येही खोल्यांना कुलुपं दिसू लागली. एका सकाळी तो काउंटरशी आला, पैसे काढायची स्लिप भरून. माझ्या शेजारचा सहकारी मोठ्यानं म्हणाला, "जाताहेत तर बरंच आहे." त्याला मराठी कळत होतं. आणि हे मला ठाऊक होतं.

मी वयानं आणि हुद्द्यानं मोठा. याच्या घरची पिरुकिया मी खाल्लेली. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी स्लिपवरची सही नमुन्याशी ताडून पाहिली आणि कागद पुढे सरकवला. त्यानंच विचारलं, "साहेब, खातं बंद करावं लागेल?" मी म्हणालो, "राहू दे." एवढंच.

त्या संध्याकाळी त्याची बायको ठेकुए देऊन गेली. कणीक, गूळ, तूप यांचं घट्ट पीठ, लाकडी साच्यावर दाबून तळलेलं. छठपूजेचा हा मुख्य प्रसाद. कित्येक दिवस टिकतो, म्हणून प्रवासाचीही शिदोरी. सौ. म्हणत राहिली, "अगं, वाटेत तुम्हालाच लागतील." त्या रात्री मला ठेकुआ चावता आला नाही. तो कडक होता म्हणून नव्हे.

चैत्रात ते दोघं परत आले. खातं चालूच होतं. मी त्याला कधी काही बोललो नाही आणि त्यानंही काही विचारलं नाही.

पुढच्या संक्रांतीला तो ड्राफ्ट काढायला आला. दर महिन्याला आईच्या नावानं काढायचा तोच ड्राफ्ट. मी सवयीनं तिळगुळाची वडी पुढे केली, "गोड बोला." तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे तीळ देताना वेगळं विचारतात." मिथिलेत त्या दिवशी चुडा-दही, म्हणजे दहीपोहे, आणि तिळाचे लाडू असतात. आई मुलाला तीळ, गूळ, तांदूळ भरवते आणि तीनदा विचारते, "तीळ वाहशील ना?" मुलानं तीनदा हो म्हणायचं. म्हाताऱ्या आईबापांचा भार वाहीन, असा त्याचा अर्थ. "आज सकाळी आईनं फोनवर विचारलं. मीच तीळ तोंडात टाकले आणि हो म्हणालो."

मी ड्राफ्टवर सही केली. तीस वर्षं असे कागद सही करत आलो होतो. त्यातल्या किती कागदांमागे असा शब्द असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

आपण म्हणतो, सणाचे पदार्थ जिभेसाठी. पण तांदूळ, गूळ, तीळ तर दोन्हीकडे तेच, तिथीही तीच. निराळं असतं ते पदार्थ हातावर ठेवताना मागितलेलं मागणं. आपण गोड बोलणं मागतो आणि ते काही कमी नाही. त्या फेब्रुवारीत मला तेवढंही जमलं नव्हतं.

पुढे २०१४ साली पालघर जिल्हा झाला, २०२२ मध्ये मिथिलेच्या मखाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी निवृत्त होऊन पालघरला राहायला आलो. ते कुटुंबही आता इथलंच झालंय. मुलगी मराठी शाळेत शिकते. आमचा मुलगा परदेशात असतो. सणाला न चुकता फोन करतो, गोड बोलतो, तक्रार नाही.

गेल्या संक्रांतीला ती मुलगी तिळगूळ घेऊन आली. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणून वाकून नमस्कार केला. सौ.नं तिच्या हातावर लाडू ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तीळ वाहशील ना गं?"

मुलीनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो आजी," ती म्हणाली, "पण तीनदा विचारायचं असतं."