खेळाडूची हिंमत, बापाची धास्ती

अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर फॉल्स नावाचे छोटे शहर आहे. १९९४ मध्ये तिथल्या एका सुपरमार्केटमध्ये तेवीस वर्षांचा एक तरुण रात्रपाळीत खोकी उघडून किराणा मालाचे डबे फळ्यांवर रचत असे. मजुरी ताशी साडेपाच डॉलर. अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाने त्याला सराव शिबिरातूनच घरी पाठवले होते. त्याचे नाव कर्ट वॉर्नर. पुढे ३० जानेवारी २००० रोजी याच वॉर्नरने सेंट लुईस रॅम्स संघाला ‘सुपर बाऊल’ हा विजेतेपदाचा सामना जिंकून दिला आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

हे आपले पायांनी खेळायचे फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे असते, तो फेकायचा असतो आणि ज्याच्याकडे चेंडू त्याला अंगावर जाऊन पाडायचे असते. चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. फेकताना त्याची नजर दूरच्या साथीदारावर असते. त्यामुळे बाजूने येणारी धडक त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. वॉर्नर या जागेवर बारा हंगाम खेळला.

त्याच्या यशाची गोष्ट अमेरिकेत घरोघरी ठाऊक आहे. तिच्यावर २०२१ मध्ये चित्रपटही आला. डॉक्टरच्या नजरेने पाहिले, तर मात्र ही मेंदूच्या दुखापतीची गोष्ट आहे. ही दुखापत त्याने मैदानावर सोसली आणि घरातही रोज पाहिली.

वॉर्नरची पत्नी ब्रेंडा त्याला भेटली तेव्हा दोन मुलांची आई होती आणि पहिल्या पतीपासून वेगळी झाली होती. मोठा मुलगा झॅकरी चार महिन्यांचा असताना अंघोळ घालताना वडिलांच्या हातून निसटला आणि त्याचे डोके टबवर आपटले. मेंदूला जबर मार बसला आणि दृष्टी जवळजवळ गेली. तो चालेल की नाही, बोलेल की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. ब्रेंडाने त्याच्यासाठी मरीन दलातली नोकरी सोडली आणि पुढे परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९९७ मध्ये लग्न झाल्यावर वॉर्नरने दोन्ही मुले रीतसर दत्तक घेतली. पुढे या जोडप्याला आणखी पाच मुले झाली. डोक्यावरचा एक आघात माणसाचे अख्खे आयुष्य कसे बदलतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्याच्या जेवणाच्या टेबलाशीच बसलेले होते.

तरीही मैदानावर तो इतर खेळाडूंसारखाच वागला. २००३ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात डोक्याला मार लागल्यावरही तो खेळत राहिला आणि सामन्यानंतर त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा डोक्याला मार लागला, तेव्हा पुढचा सामना त्याने सोडला. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मैदानावर बेसावध असताना त्याला मोठी धडक बसली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच अडतिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली.

अशा धडकेने मेंदूत काय होते? सुमारे सव्वा ते दीड किलोचा हा मऊ अवयव कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, विशेषतः ते गर्रकन फिरले, की कवटी थांबते, पण आतला मेंदू हलत राहतो. मज्जातंतूंचे नाजूक धागे ताणले जातात आणि पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते, पण नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. यालाच कन्कशन म्हणतात. यात बहुतेकदा रक्तस्राव नसतो, त्यामुळे सीटी स्कॅन अगदी स्वच्छ येतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे काही झाले नाही’ हा समज इथेच चुकतो. बेशुद्ध पडल्याशिवाय कन्कशन होत नाही, हाही तसाच गैरसमज. बहुतेक रुग्णांची शुद्ध हरपलेली नसते. आणि हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, पण आतला मेंदू हलण्याचे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

२ मे २०१२ रोजी ज्युनियर सेऊ या नामवंत माजी खेळाडूने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आत्महत्या केली. त्या बातमीने सारे हादरलेले असतानाच वॉर्नरला रेडिओवर विचारण्यात आले, की तुझ्या मुलांनी हा खेळ खेळावा असे तुला वाटते का? त्यांनी खेळू नये हेच आपल्याला बरे वाटेल, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ज्या खेळाने नाव आणि पैसा दिला, त्याच्याशीच हा बेइमानी करतो, अशी टीका काही माजी खेळाडूंनी केली. मुलांनी खेळण्याला विरोध नाही, पण बाप म्हणून भीती वाटते, असा खुलासा त्याला करावा लागला.

ही भीती निराधार नव्हती. मृत्यूनंतर सेऊच्या मेंदूची तपासणी झाली. त्यात क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणजेच ‘सीटीई’ हा आजार आढळला. मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन चुकीच्या जागी साचते आणि कालांतराने स्मरणशक्ती, स्वभाव व विचारशक्ती ढासळते. अमेरिकन फुटबॉलपटूमध्ये तो पहिल्यांदा डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या खेळाडूच्या २००२ मधील शवविच्छेदनानंतर ओळखला. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, तेव्हा ११० मध्ये सीटीई सापडला. हा आकडा जपून वाचायला हवा. ज्यांना त्रास होता, त्यांच्याच कुटुंबांनी बहुतेक मेंदू दिले होते. त्यामुळे दर शंभरांत नव्व्याण्णव खेळाडू आजारी, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सीटीईचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच करता येते.

सेऊ वीस हंगाम खेळला, पण त्याला कन्कशन झाल्याची नोंद संघांच्या दुखापतींच्या यादीत एकदाही नव्हती. चक्कर आणणारा एखादा मोठा मार तेवढाच घातक नसतो. ज्याने काही जाणवतही नाही अशा शेकडो लहान धडकांचा हिशेबही मेंदू ठेवतो, असे आता दिसते आहे. २०१९ च्या एका अभ्यासात खेळाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणून ‘खेळावे की नाही’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या वयापासून आणि किती धडका’ हा प्रश्नही विचारायला हवा. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मान कमकुवत आणि मेंदू घडणीत असतो. धडकांचे खेळ त्यांच्यासाठी उशिरा सुरू करावेत, असा आग्रह त्यामुळेच धरला जातो.

नियमही बदलले. २००६ मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला त्याच सामन्यात पुन्हा खेळवले गेले आणि तो कायमचा अपंग झाला. त्यातून वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये कायदा आला: कन्कशनचा संशय आला की मुलाला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी दुसरा फलंदाज किंवा गोलंदाज उतरवता येतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल उतरला, तो याच नियमाने.

आपल्याकडे गल्लीतले क्रिकेट, कबड्डी, दहीहंडीचा सराव किंवा सायकलवरून पडणे, कारण काहीही असो, वागायची पद्धत एकच. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, डोके दुखते म्हणाले, उजेड सहन होईना, तोल जाऊ लागला किंवा तेच तेच विचारू लागले, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवा. तोंडावर पाणी मारून परत उतरवू नका. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, गाढ सुस्ती यांपैकी काहीही दिसले, तर लगेच रुग्णालय गाठा. तान्हे बाळ पडल्यावर दूध घेईना, सतत रडू लागले किंवा त्याची टाळू फुगली, तरी वाट पाहू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. एक-दोन दिवस विश्रांती द्या आणि मोबाइल-टीव्ही कमी करा. मग हळूहळू चालणे, शाळा आणि सर्वांत शेवटी खेळ. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात.

मनात धास्ती असूनही वॉर्नरने मुलांना अडवले नाही. दोन मुलगे महाविद्यालयीन स्तरावर खेळले आणि त्यांतला ई. जे. तर वडिलांच्याच जागी, क्वार्टरबॅक म्हणून. झॅकरी आता प्रौढ आहे. ॲरिझोनातील ग्लेंडेल येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना स्वावलंबी राहता यावे म्हणून वॉर्नर दांपत्याने ‘ट्रेझर हाऊस’ उभारले, ते त्याच्याच निमित्ताने.

मुलाला मैदान हवेच. त्याने तब्येत सुधारते, मन खुलते, मित्र मिळतात. पण ‘मी ठीक आहे, मला खेळू द्या’ हे मार लागलेले मूल म्हणणारच. वॉर्नरही खेळाडू असताना तेच करत होता. तेव्हा त्याला बाहेर बोलावण्याचा निर्णय मुलावर सोडायचा नसतो. तो प्रशिक्षकाने घ्यायचा आणि प्रशिक्षक घेत नसेल, तर आईवडिलांनी.