चिंध्या आवाज गिळतात!

नागरा असो की गोंदियातील एखादी वस्ती. सिमेंटच्या भिंती, खाली फरशी आणि वर टिनाचे पत्रे असलेल्या सभागृहात वीस-पंचवीस मुले शिकवणीला बसली की काय होते, हे आपण जाणतोच. गुरुजींचा एक शब्द संपत नाही तोच त्याचा घुमारा पुढच्या शब्दावर आदळतो. मागच्या मुलाला धड काही कळत नाही. मूल मठ्ठ नसते. त्याला नीट ऐकूच येत नसते.

यावरचा एक उपाय आपल्या घरच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात आहे.

कडक भिंतीवर आपटलेला आवाज चेंडूसारखा परत येतो. कापसाच्या वा लोकरीच्या जाड थरात मात्र तो शिरतो. तंतूंच्या फटींतली हवा हलते, घासते आणि आवाजाची शक्ती किंचित उष्णतेत बदलून विरते. १८९५ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेले समजत नव्हते. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने तेथे नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणून ठेवल्या. जितक्या गाद्या वाढल्या, तितका घुमारा लवकर थांबला!

आज कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात. चिंध्यांची बटणे व चेन काढून त्या दातेरी रुळांवर पिंजतात. मोकळ्या झालेल्या तंतूंत वितळणारे कृत्रिम तंतू मिसळून उष्णतेने नमद्यासारखे थर बनवतात. मोटारींच्या आतून आणि भिंतींच्या फलकांत ते बसवले जातात. जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्यासाठी तर हरियाणातील पानिपत प्रसिद्धच आहे.

आपण काय करावे? सुती-लोकरी कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून गादीवाल्याकडून पिंजून घ्यावेत. दोन-तीन इंच खोल लाकडी चौकटीत ते सैल भरावेत आणि वर विरळ सुती कापड ताणावे. प्लास्टिक वा ऑइलपेंट नको, फटी बुजतात. चौकट भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगली तर जाड, खर्जातला आवाजही अधिक शोषला जातो. मात्र कापूस पटकन पेटतो. म्हणून दिवा, चूल, विजेच्या तारा यांपासून ती दूरच ठेवावी. ओल आणि उंदीर यांवरही नजर हवी.

एक लक्षात ठेवा. याने खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा डीजे अडत नाही. त्यासाठी जाड भिंत आणि बंद फटीच हव्यात.

आधी एकाच भिंतीवर करून पाहा. चौकटी लावण्यापूर्वी एक टाळी वाजवा, लावल्यावर पुन्हा एक. फरक कानालाच कळेल, आणि मागच्या रांगेतल्या मुलालाही.