पायाखालची जमीन (भाग ७) : वीस मीटर खोल, दर दोन सेंटीमीटरला

गेल्या आठवड्यात आपण एसपीटी पाहिली. बोअर घ्यायचा, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींचा सॉइल रिपोर्ट याच ठोक्यांवर तयार होतो. पण ही चाचणी साधारण दर दीड मीटरला एकदा होते. वीस मीटर खोलीत फार तर तेरा-चौदा आकडे हाती येतात. दोन आकड्यांच्या मधे हातभर जाडीचा मऊ चिखलाचा थर असेल, तर तो सहज नजरेतून सुटतो. इमारत खचते ती बऱ्याचदा अशाच थरामुळे. म्हणून आज ज्या चाचणीबद्दल लिहितोय, तिच्याविषयी मला विशेष आस्था आहे. तिचं नाव कोन पेनिट्रेशन टेस्ट, साइटवरच्या भाषेत सीपीटी.

ही चाचणी नेदरलँड्समधली. त्या देशाचा पश्चिम भाग म्हणजे गाळ, चिकणमाती आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा पाण्याने फुगलेला थर. १३ सप्टेंबर १९१८ रोजी वेस्प गावाजवळ पावसाने भिजलेला रेल्वेचा भराव सरकला, गाडी खाली गेली आणि ४१ माणसं दगावली. त्या अपघातानंतर जमिनीच्या ताकदीचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हायला हवा हे तिथल्या सरकारला पटलं आणि १९३४ मध्ये डेल्फ्टला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. सीपीटी तिच्याही आधीची. सरकारी जलखात्यातले अभियंते बारेन्टसेन यांनी १९३२ मध्ये १९ मिलिमीटर पोकळीचा गॅसचा पाइप घेतला, त्यात १५ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई सोडली आणि सळईच्या टोकाला शंकू बसवला. माणसांनी अंगचा जोर लावून तो जमिनीत दाबायचा आणि किती दाब लागतो ते मोजायचं. दहा-बारा मीटरपर्यंत मजल जायची.

शंकूचं माप जवळपास तेच राहिलं आहे. टोकाचा कोन ६० अंश, व्यास ३५.७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर १० चौरस सेंटीमीटर. बदललं ते बाकीचं. माणसांच्या जागी आता वीस टनी ट्रक असतो. साइटवर आला की तो जॅकवर उचलून समतल करतात, म्हणजे त्याचं सगळं वजन दाबणाऱ्या यंत्राच्या पाठीशी उभं राहतं. ट्रकच्या मधोमध जमिनीत उघडणारं भोक असतं. तिथून हायड्रॉलिक यंत्र शंकू सेकंदाला दोन सेंटीमीटर या एकसारख्या वेगाने खाली ढकलतं. एक मीटर आत गेला की थांबायचं, पुढची एक मीटरची सळई आटे फिरवून जोडायची, पुन्हा ढकलायचं. हातोडा नाही, ठोका नाही, बाहेर माती पडत नाही. वीस मीटर खाली जायला निव्वळ ढकलण्याचा वेळ सतरा मिनिटं.

शंकूच्या आत विद्युत संवेदक असतात आणि सळयांच्या पोकळीतून त्यांची वायर वर येते. दर दोन सेंटीमीटरला नोंद धरली तरी वीस मीटरला हजार नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असतात. पहिली, टोकाला झालेला विरोध. मऊ चिकणमातीत तो अर्धा मेगापास्कल भरतो, म्हणजे त्या एवढ्याशा टोकावर जेमतेम पन्नास किलो भार. घट्ट वाळूत १० मेगापास्कल सहज, म्हणजे त्याच टोकावर एक टन! दुसरी, टोकाच्या वरच्या बाहीला मातीचं होणारं घर्षण. ही बाही डच अभियंते बेगेमन यांनी १९५३ मध्ये आणली. घर्षणाला टोकाच्या विरोधाने भागलं की माती कोणती ते ओळखता येतं : वाळूत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, चिकणमातीत तीन ते पाच, पीटमध्ये त्याहून जास्त. तिसरी, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब. शंकू मधेच थांबवून हा दाब किती वेळात ओसरतो ते पाहिलं, तर भार आल्यावर ती चिकणमाती किती सावकाश दबत राहील याचा हिशेब मांडता येतो.

या नोंदींचा आलेख काढतात : खोली वरून खाली, टोकाचा विरोध डावीकडून उजवीकडे. अॅम्स्टरडॅमचा असा आलेख पाहिला की याचं मोल कळतं. वरची भरणी संपली की रेघ डाव्या कडेला चिकटते आणि पीट-चिकणमातीतून तशीच खाली जात राहते. बारा मीटरच्या आसपास ती अचानक उजवीकडे झेपावते. ही तिथली पहिली वाळू. दाम चौकातल्या राजवाड्याखालचे १३,६५९ लाकडी खांब याच वाळूवर टेकलेले आहेत. पण दोनेक मीटर खाली रेघ पुन्हा डावीकडे येते, कारण पहिल्या वाळूखाली कमी ताकदीचा थर आहे. त्याखाली, अठरा-वीस मीटरवर, दुसरी वाळू. आजची जड इमारत म्हणून तिथपर्यंत पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, नेते. डच अभियंते पाइलची ताकद काढताना टोकाखाली व्यासाच्या चौपट आणि टोकाच्या वर आठपट अंतरातला आलेख तपासतात. ४० सेंटीमीटरच्या पाइलसाठी खाली १.६ मीटर, वर ३.२ मीटर. आपल्याकडे खोदताना 'कडक लागलं' की काम थांबवायची सवय आहे. त्या कडक थराची जाडी किती आणि त्याखाली काय, हा प्रश्न मात्र राहून जातो.

सीपीटीला मर्यादा आहेतच. ती मातीचा नमुना वर आणत नाही, त्यामुळे शेजारी एखादा बोअर लागतोच. मुरूम, दगडगोटे, कातळ लागला की शंकू अडतो. पुण्या-नाशकाच्या कातळात त्याचा उपयोग नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात केलेली चाचणी फसवते, कारण वाळलेली माती जो विरोध दाखवते तो पावसाळ्यात उरत नाही. पण मुंबई-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या मऊ सागरी चिकणमातीत हिच्याइतकी उपयोगी चाचणी दुसरी नाही असं माझं मत आहे. तिच्यासाठी भारतीय मानकही आहे, आय.एस. ४९६८चा तिसरा भाग. तरीही सवयीने एसपीटीच चालते, आणि तिथे हातोड्याचा दोर ओढणाऱ्याच्या हातावर ठोक्यांचा आकडा बदलतो.

नेदरलँड्समध्ये २०१८ पासून कायदाच आहे : सरकारी कामासाठी केलेली सीपीटी राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायची आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडे एका प्लॉटचा रिपोर्ट फायलीत पडून राहतो आणि शेजारच्या प्लॉटवाला शून्यापासून सुरुवात करतो. निदान महापालिका आणि सिडकोसारख्या संस्थांनी आपापल्या कामांचे रिपोर्ट खुले करावेत. आणि खाडीकाठी किंवा भरणीच्या जमिनीवर घर घेणाऱ्या वाचकांनी बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागावा. त्यात तीन गोष्टी पाहा : चाचण्या किती ठिकाणी झाल्या, किती खोल गेल्या, आणि पाइलचं टोक जिथे थांबलं त्याच्याखाली किती मीटर तपासलं.