टाचणीला टांगलेलं पान

पानफुटीचं एक जाड, पिकलेलं नव्हे पण जून पान तोडा आणि टाचणीने खिडकीच्या चौकटीला लावून ठेवा. माती नको, पाणी नको, खताचं तर नावच नको. पावसाळी दमट हवेत पंधरवड्याच्या आतबाहेर पानाच्या कडेच्या खाचांतून केसासारखी मुळं आणि तांदळाएवढी हिरवी पानं डोकावू लागतात. शाळेत ‘शाकीय प्रजनन’ म्हणून दोन गुणांसाठी आपण हे पाठ केलं आणि विसरून गेलो. मूळच्या मादागास्करच्या या झाडाने जर्मन महाकवी गटे इतका वेडावला, की मित्रमंडळींना तो त्याची पानं भेट पाठवत असे.

पान कोवळं असतानाच प्रत्येक खाचेत मोजक्या पेशी बाजूला ठेवलेल्या असतात. बाकीच्या पेशी पानाच्या कामाला लागतात, या मात्र काहीही बनू शकतील अशा कच्च्याच राहतात. झाडावर असेपर्यंत त्या बहुधा गप्प असतात. जॅक लोब या शास्त्रज्ञाने अशी शेकडो पानं टांगून, मोजून, 1924 साली त्यावर ग्रंथच लिहिला. त्याचं म्हणणं, एरवी पानातली द्रव्यं खोडाकडे वाहून जातात. पान तुटलं की ती तिथेच अडतात आणि खाचांना मिळतात. पान जितकं भारी, तितकं पिलांचं एकूण वजन जास्त, हेही त्याने दाखवलं. संप्रेरकांचा बिघडलेला तोल हे कारण आज त्यात जोडलं जातं.

पण याच पानाची याहून अजब गोष्ट भारतात कळली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिणेत असलेल्या बेंजामिन हाइनने वेगवेगळ्या वेळी ते चाखून पाहिलं: सकाळी चुक्यासारखं आंबटढाण, दुपारी बेचव, संध्याकाळी जरासं कडवट. त्याचं टिपण लंडनच्या लिनिअन सोसायटीने 1815 मध्ये छापलं. यामागची रीत अशी. उन्हात पर्णरंध्रं उघडली तर पाणी उडून जाणार, म्हणून हे झाड ती रात्री उघडतं. आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं, आणि दिवसा दारं बंद करून त्याचीच साखर बनवतं. सकाळच्या आंबटपणात रात्रभरची कमाई असते.

कोरफड आणि स्नेक प्लांटही हीच रीत पाळतात. त्यावरूनच नर्सरीवाले ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ म्हणून ती खपवतात. ते खरं नाही. रात्री आत घेतला जातो तो कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. झाड घ्यावं, पण या कारणासाठी नको.

हाइनचा प्रयोग घरी करायचा तर जिभेवर नको. मुतखड्यावर म्हणून लोक हे पान खातात खरे, पण त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत आणि ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या जाती चरून गुरं दगावली आहेत. पीएच पट्टी आणा. उजाडताना एका पानाचा तुकडा चुरगाळून तिच्यावर दाबा, दिवस मावळताना त्याच झाडाच्या दुसऱ्या पानाचा. दोन वेळचे रंग निरनिराळे येतील.