राकेश शर्मांच्या शेजारी कोण होते?

आमचे गाव नारायणगडाच्या पायथ्याशी. रात्री पिकाला पाणी देताना वर पाहिले की आकाश अगदी जवळ भासते. ‘पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा’ हे उत्तर शाळेपासून पाठ होते. परंतु त्यांच्या शेजारी कोण बसले होते, हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरहून निघालेल्या ‘सोयुझ टी-११’ यानात तिघे होते : प्रमुख युरी मालिशेव्ह, राकेश शर्मा आणि उड्डाण अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव्ह. प्रमुख यान चालवतो. वीज, हवा, इंधन आणि इतर यंत्रणा ठीक आहेत ना, हे अभियंता पाहतो व बिघाड झाल्यास दुरुस्त करतो.

स्त्रेकालोव्ह यांचा जन्म १९४० साली मॉस्कोजवळ झाला. वडील महायुद्धात गेले. तरुणपणी ते कारखान्यात तांबटाच्या हाताखाली उमेदवारी करीत. पुढे शिकून १९६५ मध्ये अभियंता झाले आणि १९८० साली प्रथम अंतराळात गेले.

मित्रहो, त्यांचे १९८३ हे वर्ष पाहा. एप्रिलमध्ये यानाचा अँटेना निकामी झाल्याने अवकाशस्थानकाला जोडणी झाली नाही. हात हलवीत परतावे लागले. २६ सप्टेंबरला उड्डाणास दीड मिनिट उरले असताना अग्निबाणाने पेट घेतला. तारा जळाल्या. शेवटी जमिनीवरून रेडिओने आज्ञा दिली गेली व बचाव-यंत्रणेने कुपी वर खेचली. काही क्षणांतच अग्निबाणाचा स्फोट झाला. टिटोव्ह व स्त्रेकालोव्ह सुमारे चार किलोमीटरवर सुखरूप उतरले.

त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांनी, नियोजित अभियंता रुकाविश्निकोव्ह आजारी पडल्याने, हाच माणूस शर्मांच्या शेजारी जाऊन बसला! भारताने तिघांनाही अशोकचक्र दिले. स्त्रेकालोव्ह १९९० व १९९५ मध्येही अंतराळात गेले. पाच उड्डाणांत मिळून २६८ दिवसांहून अधिक काळ ते तिथे राहिले. २००४ साली त्यांचे निधन झाले.

बारावीला मी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा वडील म्हणाले, “चल आता ऊसतोडीला.” आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलेले नव्हते, त्यांचेही चुकले नाही. पुरवणी परीक्षेला बसण्यासाठी मी आठवडाभर त्यांच्या मागे लागलो. त्या वेळी स्त्रेकालोव्ह हे नाव मला ठाऊक असते, तर माझे काम एका दिवसात झाले असते!