पेशीच्या वाटा: आत आणि बाहेर

पेशीभोवतीचे पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाडीचे असते. स्निग्ध रेणूंच्या या दुहेरी थरातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात; जिकडे दाटी कमी तिकडे. पेशीला त्यासाठी ऊर्जा लागत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तेही अशाच आपोआप होणाऱ्या परासरणामुळे.

सोडियमला मात्र उलट्या दिशेने ढकलावे लागते. त्यासाठीचा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे 3 आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. मज्जातंतूंचे संदेश याच तफावतीवर चालतात.

मोठ्या रेणूंसाठी पटलच आत वळते, त्याची पुटिका होते आणि ती सुटून पेशीत शिरते. पाठ्यपुस्तकात सहसा क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी असलेली पुटिका दाखवतात. पण वाट तेवढीच नाही, आणि हे उलगडणारे मोलाचे काम बंगळूरमध्ये झाले आहे. शहराच्या उत्तरेला बेल्लारी रोडवर एनसीबीएस ही जीवविज्ञानाची संस्था आहे. तिथे सत्यजित मेयर आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांना चमकणारे रंगद्रव्य जोडून त्यांचा माग काढला. पटलाच्या बाहेरच्या थरात केवळ स्निग्ध नांगराने अडकलेली काही प्रथिने क्लॅथ्रिनविना, वेगळ्याच मार्गाने आत येतात, हे त्यांनी 2002 साली मांडले.

बाहेर पडताना क्रम उलटा होतो: स्वादुपिंडातील पेशींत इन्सुलिनने भरलेल्या पुटिका पटलाशी एकरूप होतात आणि इन्सुलिन रक्तात उतरते.