वादळ गेलं, माती मोकळी झाली

ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्सच्या २०२५-२६च्या वादळांच्या यादीत एमी, ब्रॅमच्या पाठोपाठ चक्क ‘चंद्रा’ हे नाव आहे. मला मात्र या नावांपेक्षा वाऱ्यावरून आलेल्या ‘ब्लो ओव्हर’ या इंग्रजी क्रियापदात जास्त रस आहे. मंत्र्यावरचे आरोप असोत की ऑफिसातली धुसफुस, ‘इट विल ब्लो ओव्हर’ म्हणजे चार दिवसांत निवळेल, गप्प बसा. आणि वाऱ्याने झाड उन्मळून पडलं तरी इंग्रज हेच क्रियापद वापरतो.

१५ ऑक्टोबर १९८७च्या रात्री दक्षिण इंग्लंडने हे दोन्ही अर्थ एकदम अनुभवले. वादळ सकाळपर्यंत निघून गेलं. ब्रिटनमध्ये १८ माणसं दगावली, सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली. सेव्हनओक्स गावातल्या प्रसिद्ध सात ओकांपैकी सहा गेले. लंडनच्या क्यू गार्डन्सने सुमारे ७०० झाडं गमावली.

क्यूमधल्या ‘टर्नर्स ओक’ची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १७९८ साली लावलेला हा वृक्ष वादळाआधीच खंगत चालला होता. वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि परत जागच्या जागी बसवला. वृक्षतज्ज्ञ टोनी कर्कम आणि सहकाऱ्यांनी त्याला टेकू दिले आणि ते बाकीच्या पडझडीकडे वळले. तो जगेल अशी आशा नव्हती. तीनेक वर्षांनी पाहतात तर ओक जोमाने वाढलेला! पर्यटकांच्या पायांखाली वर्षानुवर्षं माती दबून घट्ट झाली होती, हवा-पाणी मुळांपर्यंत पोचत नव्हतं. वादळाने ती भुसभुशीत करून दिली. पुढे क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाने हवा सोडून माती मोकळी करण्याचे उपाय सुरू झाले.

म्हणून ‘निवळेल आपोआप’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. वादळ आपोआप जातं, पण पुन्हा जाऊन झाड पाहिलं म्हणून क्यूला कारण कळलं. मुंबई-पुण्यात कितीतरी झाडांना बुंध्यापर्यंत सिमेंट आणि पेव्हर ब्लॉकनी आवळलेलं असतं. झाड पडलं की फांद्या तोडायच्या, रस्ता मोकळा करायचा, खड्डा बुजवायचा, की विषय संपला. महापालिकांनी पडलेल्या प्रत्येक झाडाची मुळं आणि माती तपासून नोंद ठेवावी, आणि उभ्या झाडांभोवतीचं सिमेंट पुढच्या पावसाळ्याआधी फोडावं.